नॉटराव, जरा एका जागी उभे राहा

रा. रा. नॉटराव यांस,
मुक्काम : इंग्रजी वाक्य. पक्का पत्ता नाही.

स. न. वि. वि.

पक्का पत्ता नाही, म्हणूनच हे खुलं पत्र. बंद पाकीट पाठवायचं तर कुठं पाठवू? सकाळी तुम्ही क्रियापदाशेजारी दिसता, दुपारी 'रिअली'च्या आड, आणि संध्याकाळी 'डोन्ट'च्या शेपटीत निम्मेअर्धे विरघळलेले. पोस्टमननं तरी किती हेलपाटे घालायचे? रोमन लिपीत तुम्ही जेमतेम तीन अक्षरांचे गृहस्थ, पण जिथं उभे राहाल तिथला अर्थ तुमचा, आणि एक पाऊल सरकलात की तोच अर्थ दुसऱ्याचा. इंग्रजीचं मराठी करून माझं पोट चालतं, त्यामुळे तुमच्या येरझाऱ्यांचं भाडं आजवर मीच भरत आले आहे. आज बिल पाठवते आहे.

पहिला पुरावा बघा. आय रिअली डोन्ट लाइक इट. आय डोन्ट रिअली लाइक इट. दोन्हीकडे शब्द पाच आणि तेच पाच. पहिल्याचं मराठी, 'मला हे मुळीच आवडलेलं नाही.' दुसऱ्याचं, 'मला हे काही फारसं आवडलं नाही.' पहिलं ऐकून माणसानं ताट उचलून घ्यावं, दुसरं ऐकून थोडं मीठ घालून पाहावं. मधे घडलं काय, तर तुम्ही 'रिअली'च्या उजवीकडून डावीकडे गेलात.

तुमची पद्धत एव्हाना माझ्या लक्षात आली आहे. तुमच्या उजव्या हाताला जो सापडेल त्याला तुम्ही कापता, डाव्या हाताला जो असेल तो तुम्हालाच जोर चढवतो. 'रिअली' डावीकडे असला की तो म्हणतो, हाणा. उजवीकडे असला की तुमचा वार आवडण्यावर बसतच नाही, बिचाऱ्या 'रिअली'वरच बसतो. आयॅम नॉट जस्ट टायर्ड म्हणणारा दमलेला आहेच, वर भुकेला आणि वैतागलेलाही असेल. आयॅम जस्ट नॉट टायर्ड म्हणणारा रात्री बारा वाजता कॅरम मांडून बसणार आहे. ही इज स्टिल नॉट मॅरीड, म्हणजे स्थळं अजून बघताहेत. ही इज नॉट स्टिल मॅरीड, म्हणजे लग्न झालं होतं, मोडलं. वधूवरसूचक मंडळाच्या पुस्तिकेत यातलं कुठलं छापलं जातं यावर दोन घरांचं पुढचं वर्ष ठरतं. आणि कोर्टात? ही डिडन्ट हर्ट हर डेलिबरेटली म्हणजे इजा बहुधा झाली, हेतू नव्हता. ही डेलिबरेटली डिडन्ट हर्ट हर म्हणजे इजा झालीच नाही, आणि ती न करण्यामागे हेतू होता. वकिलाची फी या एका पावलात वसूल.

इथवर ठीक. उजवा हात, डावा हात एवढं लक्षात ठेवलं की तुमचा बंदोबस्त झाला, असं कुणालाही वाटेल. पण तुम्ही नियमाला तरी कुठं धरून राहता? तुमच्याच हिशोबानं 'नॉट रिअली'चा अर्थ 'तसं खरोखरीचं नाही, पण थोडंफार' असा व्हायला हवा. प्रत्यक्षात इंग्रज माणसाला विचारा, पुस्तक आवडलं का? तो म्हणतो, नॉट रिअली. म्हणजे नाही. साफ नाही. नुसतं 'नो' त्याच्या तोंडून निघत नाही, म्हणून तो तुम्हाला पुढं करतो आणि 'रिअली'ला कापल्यासारखं दाखवतो. समोरच्यानं समजून घ्यायचं की पुस्तकच कापलं गेलं. नॉट व्हेरी गुड म्हणजे वाईट. नॉट बॅड म्हणजे चक्क चांगलं. आणि लंडनकर जेव्हा म्हणतो शी डिडन्ट हाफ शाउट, तेव्हा ती अर्धीसुद्धा ओरडली नाही असं समजून मी भाषांतर करायला घेतलं तर माझी नोकरी जाईल. ती आकाशपाताळ एक करून ओरडलेली असते.

पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीत ही गंमत दर महिन्याला बघायला मिळेल. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाची मेल येते : आयॅम नॉट एन्टायरली शुअर धिस इज व्हॉट वुई हॅड इन माइंड. मराठी शाळेत गणित पक्कं झालेला मुलगा ती वाचतो आणि हिशोब मांडतो. 'एन्टायरली' म्हणजे शंभर टक्के. त्याच्या डावीकडे 'नॉट'. म्हणजे शंभर नाही; नव्वद असेल, पंच्याऐंशी तरी कुठं गेलं नाही. टीमला चहा सांगितला जातो. वस्तुस्थिती अशी, की समोरचा माणूस तिकडे कपाळाला हात लावून बसला आहे आणि सगळं काम पहिल्यापासून करून हवं असं त्यानं त्या मेलमध्ये सांगून टाकलं आहे. त्याच्या मते तर जरा जास्तच स्पष्ट सांगितलं.

आमच्याकडे ही भानगड नाही, असा टेंभा मी मिरवणार नाही, पण थोडा मिरवते. आमचा 'नाही' वाक्याच्या शेवटी बसतो आणि सहसा तिथून उठत नाही. नकार किती जोराचा हे त्याच्या हलण्यावर अवलंबून नसतं, त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली आहेत. मुळीच, अजिबात, काहीएक ही एका कामाला. फारसं, विशेष, तितकंसं ही दुसऱ्या. 'फारसं' तर इतकं इमानी, की 'नाही'वाचून ते घराबाहेर पडत नाही. 'सिनेमा फारसा आवडला' असं म्हणून बघा, ऐकणारा पुढचं ऐकायला थांबून राहील. दोष आहे तो वेगळाच. मुलाकडची मंडळी फोनवर म्हणतात, 'तुमची मुलगी आम्हाला अगदी मनापासून पसंत...' आणि तेवढ्यात खोकला येतो. तो खोकला संपेपर्यंत मुलीच्या आईचं काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही. तुमचं निदान वाक्याच्या सुरुवातीलाच कळतं.

आता तुमच्या कुळाकडे वळते. तुमची ऐट पाहून कुणाला वाटेल की इंग्रजी नकाराची गादी तुमच्याकडे पिढीजात चालत आली. कागदपत्रं वेगळं सांगतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नकाराचं काम 'ने' नावाचे एक सज्जन करत. क्रियापदाच्या आधी उभे राहत, मुकाट्यानं काम करत. आवाज मात्र बारीक. बोलण्याच्या भरात ऐकूच येईनात. मग त्यांनी जोर द्यायला एक गडी आणला. 'ना' आणि 'विख्त', विख्त म्हणजे वस्तू. दोन्ही मिळून 'काहीएक नाही'. म्हणजे, नॉटराव, तुम्ही! ज्या 'रिअली' आणि 'एन्टायरली'ला आज तुम्ही जाता-येता कापता, त्यांच्याच जातीचे तुम्ही. नकारावर जोर देण्यापुरते घेतलेले पोटभाडेकरू. आधी मालकाबरोबर एका वाक्यात राहिलात, 'ने' क्रियापदाच्या अलीकडे, तुम्ही पलीकडे. पुढे मालकाचा आवाज आणखी बसला, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांचं नाव पाटीवरून गेलं. घर तुमच्या नावावर. गिरगावातल्या जुन्या चाळींत असे खटले पुष्कळ झाले, पण मालक जिवंत असताना इतक्या सफाईनं जागा लाटलेली मी ऐकली नाही.

ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडितानं 1917 साली इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर पुस्तक लिहून हा सगळा व्यवहार उघड केला. त्याच्या नावानं या प्रकाराला चक्र म्हणतात, कारण तो एकदा होऊन थांबत नाही. फ्रेंचांकडे तुमचे एक जातभाई आहेत, 'पा'. मूळ अर्थ पाऊल. 'एक पाऊलही चालत नाही' असं म्हणता म्हणता तेही नकाराच्या घरात शिरले, आणि बोलताना फ्रेंच लोक आता त्यांच्या 'ने'ला खुशाल गाळतात. तुमच्यावरही ही पाळी येऊ घातली आहे असं मला वाटतं. सोळाव्या-सतराव्या शतकांत तुम्हाला एकट्यानं उभं राहवेना, तेव्हा 'डू'चा आधार घेतलात. 'आय से नॉट' जाऊन 'आय डू नॉट से' आलं. मग 'डू नॉट'चं 'डोन्ट' झालं. आता घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी शेवटचा 'ट'ही ऐकू येत नाही. 'ने' साहेबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. एखादा नवा पोटभाडेकरू ठेवायचा विचार चालू असेल, तर पागडी आधी ठरवून घ्या.

तुमच्या चढत्या काळात एका धर्मगुरूनं तुमच्यावर मोठे उपकार केले. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथचं व्याकरण 1762 साली निघालं, आणि दोन नकार एकमेकांना मारतात, त्यांचा होकार होतो, हा नियम त्या व्याकरणाच्या बोटाला धरून घराघरांत गेला. पूर्वी इंग्रज माणूस हवे तितके नकार एकावर एक रचत असे आणि ऐकणारा त्याची बेरीज करत असे. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीनं आपल्या काव्यातल्या सरदाराच्या सौजन्याचं वर्णन करताना एका वाक्यात चार नकार घातले, कुणी वजाबाकी करत बसलं नाही. लाउथच्या पंथाला भाषेत बीजगणित हवं होतं. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. परिणाम काय, तर आता सभ्य माणसं मुद्दाम 'नॉट अनकॉमन' लिहितात. दुर्मीळ आहे असंही नाही, आणि सर्रास आहे असंही नाही. विचारलं तर दोन्हीकडून निसटता येतं. ऑर्वेलला या 'नॉट अन'चा इतका वीट आला होता, की 1946 सालच्या एका निबंधात त्यानं यावर औषध म्हणून कुत्रा, ससा आणि हिरवं शेत यांच्यावर असले तीन नकार लादून एक हास्यास्पद वाक्य रचलं आणि ते पाठ करा असं सुचवलं. औषध लागू पडलेलं नाही. सरकारी अहवाल मी रोज वाचते.

तुम्ही असता तेव्हा ही कथा. नसता तेव्हाची तर आणखी निराळी. 1631 साली लंडनमध्ये राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांनी बायबल छापलं. दहा आज्ञांपैकी सातवी आज्ञा, व्यभिचार करू नको. त्या पानावर तुम्ही गैरहजर राहिलात. आज्ञा उरली : व्यभिचार कर. राजा पहिला चार्ल्स भडकला, मुद्रकांना 300 पौंडांचा दंड झाला, परवाना गेला, प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांना 'दुष्ट बायबल' म्हणून संग्राहक आज डोक्यावर घेऊन नाचतात. बार्कर पुढे कर्जापायी तुरुंगात गेला आणि तिथंच वारला. त्याच्या देण्यांची इतर कारणंही होती म्हणा. पण मी मुद्रितं तपासण्याचंही काम करते, त्यामुळे माझी सहानुभूती कुणाकडे आहे हे सांगायला नको.

अलीकडे तर तुमच्या रजेचा वापर मोठमोठी माणसं करू लागली आहेत. 16 जुलै 2018 रोजी हेलसिंकीत पुतिन शेजारी उभे असताना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प म्हणाले, निवडणुकीत रशियानं ढवळाढवळ केली असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. अमेरिकेत आगडोंब उसळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला, मला 'वुड' नव्हे, 'वुडन्ट' म्हणायचं होतं. दुहेरी नकारासारखंच काहीसं होतं ते. आपल्या गुप्तहेर खात्यांवर अविश्वास दाखवून चोवीस तासांनी तो मागे घेण्यासाठी जगातल्या सर्वांत बलाढ्य पदावरच्या माणसाला फक्त तुमची शेपटी पुरली. तुमचं मत कुणी विचारल्याचं वाचनात आलं नाही.

यापुढचा आरोप मात्र गंभीर आहे, कारण यात तुम्ही वेश पालटून वावरता.

महाराष्ट्रात दहावीपर्यंत पोचलेल्या कुणालाही विचारा, 'डू ॲज डायरेक्टेड' या शब्दांनी त्याच्या पोटात अजून गोळा येतो. आणि त्यातही 'रिमूव्ह टू'. दोन ओ-वाला टू. द टी इज टू हॉट टू ड्रिंक. सर फळ्यावर लिहीत, 'टू' काढा, अर्थ बदलू देऊ नका. आम्ही लिहायचो : द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट. 'टू' निघाला आणि त्याच्या पोटातून कोण बाहेर पडलं? 'कॅनॉट'मधले तुम्ही! चहाच्या साध्या वाक्यात लपून बसला होतात. त्या वेळी या प्रश्नाला एक गुण होता आणि त्याचा जन्मात उपयोग होणार नाही अशी सगळ्या वर्गाची खात्री होती.

आता इस्पितळात शोभेल अशी ही पाटी वाचा. नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हिअल टू बी इग्नोर्ड. अर्थ? डोक्याला लागलेला मार कितीही किरकोळ वाटो, दुर्लक्ष करू नका. बरोबर ना? शंभरातले जवळजवळ सगळे हेच सांगतील, इंग्रज डॉक्टरसुद्धा. आता दहावीचा फळा समोर आणा आणि 'टू' काढा. टू ट्रिव्हिअल टू बी इग्नोर्ड, म्हणजे इतका किरकोळ, की दुर्लक्ष करताच येणार नाही. थांबा. किरकोळ आहे म्हणून दुर्लक्ष करता येत नाही, हे कसलं तर्कशास्त्र? पण वाक्य तेच म्हणतं आहे. त्यात पुढचा 'नो' जोडा. असा एकही मार नाही, जो इतका किरकोळ आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. म्हणजे? म्हणजे डोक्याच्या कुठल्याही माराकडे खुशाल दुर्लक्ष करा. पाटी लावणाऱ्याला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट.

पटत नसेल तर तेच वाक्य दुसऱ्या मालावर चालवून बघा. नो मिसाइल इज टू स्मॉल टू बी बॅन्ड. क्षेपणास्त्र कितीही लहान असो, त्यावर बंदी घालता येते. यात काही अडत नाही. साचा तोच. बंदीच्या जागी दुर्लक्ष ठेवा, लहानच्या जागी किरकोळ ठेवा. मार कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करता येतं. पीटर वॅसन आणि शुली राइख या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली या वाक्यावर शोधनिबंध लिहिला. चार पत्त्यांच्या कोड्यानं शहाण्यासुरत्यांना तोंडावर पाडणारा तोच हा वॅसन. त्यांनी याला शाब्दिक आभास म्हटलं. एक नकार 'नो'चा, दुसरा 'टू'च्या पोटातला, तिसरा 'इग्नोर' या क्रियापदाच्या रक्तातला. तीन झाले की मेंदू मोजायचं सोडून देतो आणि इस्पितळाची पाटी काय म्हणत असेल याचा अंदाज बांधून मोकळा होतो. पाटी चुकते, वाचणारा चुकतो, आणि दोन्ही चुका मिळून रुग्ण वेळेवर डॉक्टरकडे पोचतो. लाउथच्या बीजगणिताला याहून सणसणीत उत्तर मला माहीत नाही.

सांगायचं एवढंच, की मराठी माध्यमाच्या पोरांकडे या आभासावर उतारा होता आणि तो त्यांना एका गुणासाठी शिकवला गेला. फळ्यावरचा 'टू' काढता येणारा पोरगा या पाटीला फसणार नाही. मग तो फसतो कुठं? टेलिफोनवर. पलीकडून प्रश्न येतो, सो यू डोन्ट नीड एनी मोअर टाइम? आमचा पोरगा म्हणतो, येस, येस. त्याच्या मनात स्वच्छ मराठी आहे : हो, नको. मराठीत 'हो' म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीत तुम्ही प्रश्नात असलात तरी 'येस'ला तुमची पत्रास नाही; 'येस' म्हणजे हवा आहे. पलीकडचा म्हणतो, ओह, यू डू? इकडून पुन्हा येस. आणखी दोन आठवडे मिळतात, जे कुणी मागितले नव्हते. हा एकच खटला असा, ज्यात तुमच्यामुळे आमचा फायदा झाला. तो मी वळता करून घेतलेला आहे.

शेवटी, तुमच्यावाचून अडतं असा तुमचा समज असेल तर एक किस्सा ऐका. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन न्यूयॉर्कला व्याख्यान देत होते. म्हणाले, दोन नकारांचा होकार होतो अशा भाषा पुष्कळ आहेत, पण दोन होकारांचा नकार होणारी भाषा नाही. श्रोत्यांतून सिडनी मॉर्गनबेसर नावाचे कोलंबियाचे प्राध्यापक कंटाळलेल्या सुरात बोलले, 'यॅ, यॅ', म्हणजे 'हो, हो'. किस्सा सांगणारे तपशील बदलतात, टाळी तीच पडते. मला मात्र या किश्शाचं कधी नवल वाटलं नाही. ऑस्टिनसाहेब आमच्या आजीला भेटले नव्हते, एवढंच. 'उठशील हो तू पहाटे पाचला!' यात तुम्ही कुठं आहात? 'आलाय मोठा शिकवणारा!' 'झालं तुझं काम!' 'कप्पाळ!' मुलीच्या बापाला मुलाकडचे 'बघू' म्हणाले की तो दुसऱ्या दिवशी पुढचं स्थळ पाहायला निघतो. एका अक्षरानंही नकार न देता माणसाला दारातून परत पाठवायची कला आमच्याकडे मुबलक आहे, आणि त्यासाठी जागेवरून कुणी हलत नाही.

असो. तुमचं म्हणणं मांडायची संधी तुम्हाला देणं हा न्याय आहे. लेखी पाठवा, एका वाक्यात पाठवा, आणि वाक्यात कुठं उभे आहात तिथं खूण करा. 'नॉट अनविलिंग', 'नॉट एन्टायरली', 'नॉट नेसेसरिली' यांतलं काही आढळलं तर पाकीट न फोडता परत येईल.

तुम्ही सरळ उत्तर पाठवालच हो!

आपली,
इंग्रजीचं मराठी करून पोट भरणारी एक भाषांतरकार